भाव करायची लाज कशाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज एका अशा कामाबद्दल बोलणार आहे, जे आपल्या आया-आज्ज्या रोज करत आल्या आणि ज्याची आपल्या शिकल्यासवरल्या मंडळींना हल्ली लाज वाटायला लागली आहे. ते काम म्हणजे घासाघीस. शब्दच कसा आहे बघा, उच्चारताना जिभेला काम पडतं. दोन दगड एकमेकांवर घासावेत आणि दोघांचेही कोपरे थोडे थोडे झिजावेत, तसा तो आवाज. मोल करणं, भाव करणं, हुज्जत घालणं हे त्याचे भाऊबंद. त्यातली हुज्जत अरबीतून आली. तिकडे तिचा अर्थ पुरावा, युक्तिवाद. आपल्याकडे येईपर्यंत ती भांडखोर झाली. दुकान, बाजार, किंमत, नफा, दलाल, माल ही सगळी अरबी-फारसीकडून आलेली पाहुणेमंडळी. ग्राहक, भाव, मोल ही संस्कृतकडची. आणि दाम तर ग्रीकांच्या द्राख्मा नाण्यापासून निघाला, संस्कृतात द्रम्म झाला आणि मग आपल्या खिशात आला. बाजाराच्या भाषेत वाटणी कधी झालीच नाही. 'भाव' या शब्दाची तर मराठीत दोन घरं आहेत, एक देवळात आणि एक दुकानात. कविता लिहिणाऱ्या माणसाला याची गंमत वाटणारच. पण आजचा विषय पैशाचा आहे, तेव्हा शब्दांची घासाघीस इथेच पुरे.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. यजमान गेले, मुलगा परगावी, निवृत्तिवेतन बेताचं. रक्तदाब, साखर आणि थायरॉइड अशा तीन दुखण्यांच्या गोळ्या त्यांना दर महिन्याला लागतात. पावणेदोन हजारांच्या आसपास बिल होतं. त्या पाकिटावरची किंमत बघत, पैसे मोजून देत आणि पिशवी घेऊन घरी येत. एकदा त्यांचा भाचा सोबत गेला. त्याने सहज विचारलं, "काका, यात काही कमी होतं का?" दुकानदाराने कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि बिलातून पंधरा टक्के वजा केले. बाई चकित. म्हणाल्या, "अहो, सात वर्षं मी तुमच्याकडूनच औषधं घेतेय!" त्यावर तो अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधी विचारलंच नाही."

महिन्याला अडीचशेच्या वर, म्हणजे वर्षाला तीन हजारांहून अधिक. ज्या घरात गॅसचं सिलिंडर कधी संपेल याचा हिशेब ठेवावा लागतो, तिथे ही रक्कम लहान नाही. बाईंनी फळ्यावर टक्केवारी शिकवण्यात हयात घालवली होती, तेव्हा गणित कच्चं असण्याचा प्रश्नच नव्हता. अडली होती ती जीभ. त्या मला म्हणाल्या, "विचारलं असतं आणि तो नाही म्हणाला असता, तर चार माणसांत काय राहिलं असतं?" हे 'चार माणसांत काय राहिलं असतं' आपल्याला किती रुपयांना पडतं, हे एकदा मोजून बघायला हवं.

आता मी सोलापूरचा. आमच्याकडे चाटी गल्ली आहे. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. हा शब्द आता बोलण्यात फारसा उरला नाही, पण आमच्या गल्लीने तो सांभाळून ठेवला आहे. या गावात गिऱ्हाईक तेलुगू बोलतं, दुकानदार कानडी, मुनीम मराठी आणि आमच्यासारख्यांच्या घरी दखनी. त्यामुळे सोलापुरात लहानपणी मुलं पाढे एका भाषेत शिकतात आणि आकडे चार भाषांत. माझी आई शाळेत गेली नव्हती, पण कानडीत शंभरापर्यंत आणि तेलुगूत पन्नासपर्यंत तिला येत होतं. तेवढंच लागायचं.

चाटी गल्लीतला तिचा रिवाज ठरलेला होता. गादीवरच्या अण्णांनी "या भाभी, बसा" म्हटलं की चप्पल काढून बसायचं. जे लुगडं घ्यायचं आहे त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आधी भलतंच उघडायला लावायचं, त्याचा भाव विचारायचा, मग सहज म्हणून "वो इरकल कैसा दिये?" इरकलचा भाव अण्णा सांगणार नव्वद. आई कानडीत म्हणणार, "ऐवत्तु." म्हणजे पन्नास. अण्णा हसणार, "ऐवत्तु? आगूदिल्ल, अक्का." इतका वेळ भाभी असलेली आई कानडी आकडा बोलल्याबरोबर अक्का व्हायची. हे मला तेव्हाही फार आवडायचं. मग घरच्या चौकशा, पावसाची चौकशी, काठाचा रंग जाईल का, पदर पुरेल का. ऐंशी, पंचावन्न, पंच्याहत्तर, साठ. शेवटी आई चप्पल पायात घालायची. दुकानाला तीन पायऱ्या होत्या. बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर मागून हाक यायची. कधी कधी यायची नाही, आणि मग आम्ही खरंच घरी यायचो. वडिलांना हे सगळं अजिबात सहन व्हायचं नाही. ते तेवढा वेळ समोरच्या पानपट्टीवर उभे राहून वर्तमानपत्र वाचायचे, कालचं असलं तरी.

यात एक नियम मात्र कडक होता. भाव ठरला की माल घ्यायचाच. 'अडुसष्ट' असं दोघांच्या तोंडून निघाल्यावर 'नको, उद्या बघू' म्हणून उठणं आईच्या लेखी बेइमानी होती. आणि घेतल्यावर शेजारणीला खरा भाव सांगायचा की नाही, याचेही नियम होते, पण ते मी इथे उघड करत नाही.

त्या तीन पायऱ्यांकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. आईला उठून जाता येत होतं. अण्णांनाही तिला जाऊ देता येत होतं. त्यांचं कापड काही संध्याकाळी नासणार नव्हतं. दोघांपैकी कोणाचाही गळा अडकलेला नव्हता, म्हणून त्यात मजा होती, रुसवा होता, चहा होता. माझ्या मते घासाघीस शोभते ती एवढ्याच जागेत, जिथे दोघांनाही उठून जाता येतं.

जिथे एकालाच उठता येतं, तिथे तिचं काय होतं ते बघायला जनावरांच्या बाजारात जावं. आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तिला जोडून जनावरांचा बाजार असतो. पंढरपूरला कार्तिकीत वाखरीला भरतो. या बाजारांतली जुनी रीत अशी, की बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर उपरणं किंवा रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडे सांगायचे. याला मराठीत सुंदर शब्द आहे, करपल्लवी. चेहरे बाहेर, भाव आत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. फायदा असा, की भाव फसला तरी कोणाची अब्रू जात नाही आणि आजच्या बैलाचा भाव उद्याच्या बैलाच्या गळ्यात पडत नाही.

दलालांची याहून जुनी एक युक्ती होती, सांकेतिक आकड्यांची. तिला नंदभाषा म्हणत. तीत एकला केवली, दोनला अवारू, तीनला उधानू, चारला पोकू, पाचला मुळू. शेतकऱ्याच्या देखत दोघे दलाल 'मुळू' की 'पोकू' यावर बोलायचे आणि तो बिचारा बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभा राहायचा. विसोबा खेचरांच्या नावावर याच भाषेतले आकडे वापरून शंकराचं वर्णन केलेला एक अभंग आहे. दलालांच्या भाषेतून संतांनी देव काढून आणला, ही मराठीचीच करामत! पण शेतकऱ्याला त्या भाषेतून चार पैसे जास्त मिळाले असतील असं मला वाटत नाही. वीस कोस बैल चालवत आणलेला, घरी दावणीला वैरण नाही, पेरणीचं देणं डोक्यावर. तो कसा उठून जाणार? रुमालाखालची बोटं दोघांची असली तरी जोर एकाच्याच बोटांत होता. शेतमालासाठी १९६३ च्या कायद्याखाली बाजार समित्या आल्या आणि उघड लिलाव नियमात आला, तो यासाठीच. तिथेही काय काय चालतं ते शेतकरी मला तुमच्यासमोर सांगतील. तो वेगळा विषय आहे.

म्हणून 'एकच भाव' अशी पाटी लावणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. ती पाटी मोठ्या नीतीतून आलेली आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ निघाला. त्यांचं म्हणणं असं, की सहा शिलिंगांना द्यायची वस्तू आधी दहा सांगायची, हे खोटं बोलणं झालं. तेव्हा पहिल्यांदाच खरा भाव सांगावा आणि त्यावर बोलू नये. लोकांना हे विचित्र वाटलं, पण थोड्याच दिवसांत कळलं, की या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी ते फसत नाही. क्वेकरांचं गिऱ्हाईक वाढलं. पुढे पॅरिसमध्ये आरिस्तिद बूसिको या माणसाने १८५२ पासून 'बाँ मार्शे' दुकानात प्रत्येक वस्तूवर किंमत लावून ठेवायची आणि न आवडलेला माल परत घ्यायचा, अशी रीत रुजवली. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉन वॉनमेकरने १८७६ मध्ये रेल्वेच्या जुन्या मालडेपोत भलं मोठं दुकान थाटलं आणि किमतीच्या चिठ्ठीचा डंका पिटला. यात नीती होती तसा व्यवहारही होता. दुकानात पगारी नोकर शेकड्यांनी आले, तेव्हा प्रत्येकाला भाव करायची मुभा देऊन कसं चालेल? गादीवरच्या अण्णांना आपला नफा तोंडपाठ असतो. पगारी पोराला तो माहीत असून चालत नाही.

आणि एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. भाव सांगण्याआधी दुकानदार तुमची चप्पल बघतो, हातातलं घड्याळ बघतो, बोली ऐकतो. खेड्यातून आलेल्या बाईला एक भाव आणि कॅम्पातून आलेल्या बाईला दुसरा, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याला नीट बोलता येत नाही, ज्याच्या बोलीला लोक हसतात, त्याला छापील किमतीने मान खाली न घालता दुकानात शिरता आलं. हे मोठं काम झालं.

आता आपल्या देशातली छापील किंमत घ्या. बंद पाकिटातल्या मालावर किंमत छापण्याचे नियम १९७७ चे. सुरुवातीला 'स्थानिक कर वेगळे' असं छापायची सोय होती आणि त्या नावाखाली दुकानदार मनाला येईल तेवढं वर लावत. १९९० मध्ये ती पळवाट बंद झाली आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं बंधनकारक झालं. पुढे २००९ चा वैधमापन कायदा आला, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. या सगळ्यात कळीचा शब्द कोणता? कमाल. हाही अरबीतूनच आलेला. कमाल म्हणजे वरची हद्द. यापेक्षा जास्त घेतलं तर गुन्हा. याहून कमी घेतलं तर कोणताही कायदा आड येत नाही. कायद्याने छत घातलं आणि आपण त्या छतालाच जमीन समजून चालायला लागलो.

औषधांच्या बाबतीत हे छत फार उंच असू शकतं. विशेषतः कंपनीच्या मोठ्या नावाशिवाय विकल्या जाणाऱ्या जेनेरिक गोळ्यांवर छापलेली किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांत मोठी फट असते. तेव्हा औषधाच्या दुकानात हळूच विचारा, "यावर काही कमी होतं का? हेच औषध जेनेरिकमध्ये आहे का?" दुसऱ्या प्रश्नाआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, पण पहिल्या प्रश्नाला कोणाचीही चिठ्ठी लागत नाही. इथे मी माझाच नियम मोडतोय असं कोणी म्हणेल, कारण आजारी माणसाला उठून जाता येत नाही. बरोबर आहे. म्हणूनच नेमाच्या गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी दुकानात जावं. हातात आठ दिवस असले की पायात चप्पल घालता येते.

जिथे रकमा मोठ्या, तिथे तर विचारलंच पाहिजे. फ्रीज, टीव्ही, शिलाई मशीन, कपाट, सोफा, फरशी, चष्म्याची फ्रेम, लग्नाच्या पत्रिका. चकचकीत दुकान आहे, गार हवा सुटली आहे, विकणाऱ्या मुलाच्या गळ्यात ओळखपत्र आहे, म्हणून इथे भाव होत नसेल असं आपण धरून चालतो. होतो. मात्र त्या मुलाशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. मालक किंवा मॅनेजर कोण ते विचारा आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत जाऊ नका, मंगळवारी दुपारी जा. मांडून ठेवलेला नग घ्यायची तयारी दाखवा. त्याला एखादा ओरखडा असतो आणि दुकानदाराला तो हलवायचाच असतो. नवं मॉडेल आलं असेल तर मागच्या वर्षीचं विचारा. किंमत हलत नसेल तर घरपोच आणणं, भिंतीवर बसवणं, स्टँड, जुनं परत घेणं, यातलं काही पदरात पडतं का बघा. आणि 'शेवटचं किती?' असं दरडावून विचारू नका. 'आमचं बजेट एवढं आहे, यात काही बसवता येईल का?' असं विचारा आणि मग गप्प बसा. गप्प बसणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे. आपल्या लोकांना तिथेच राहवत नाही, स्वतःच आकडा वाढवून बसतात!

बिनव्याजी हप्त्याची पाटी दिसली तर एक प्रश्न जरूर विचारा, "पूर्ण पैसे आत्ता दिले तर किती?" शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावून सांगितलं होतं. व्याज कुठेतरी भरलं जातंच. बऱ्याचदा तुम्हाला मिळू शकली असती ती सूटच तिकडे वळते. तसंच, क्रेडिट कार्ड घासलं की दुकानदाराला बँकेकडे काही टक्के कट द्यावी लागते. बँक खात्यातून थेट यूपीआयने दिलं तर तशी कट जानेवारी २०२० पासून नाही. ती वाचलेली रक्कम मागायला काय हरकत आहे?

सोन्याच्या दुकानात मात्र आपण उलटं करतो. सोन्याच्या भावावर बोलायला जातो, जो सराफाच्या हातात नसतो, आणि घडणावळीवर गप्प बसतो, जी त्याच्या हातात असते. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी खूण आली, तेव्हा शुद्धतेची धास्ती कमी झाली. आता बोलायचं ते घडणावळीवर. आणि ती टक्क्यांत आहे की ग्रॅमवर, ते आधी बघायचं. टक्क्यांत असेल तर सोनं महागलं की घडणावळही आपोआप वाढते. कारागिराने तेवढंच घडवलं, तेवढेच डोळे फोडले, मग मजुरी का वाढावी? आणि वाढलेली मजुरी कारागिराला मिळते का, हेही विचारून बघा. तसंच हाच दागिना परत आणला तर घट किती धरणार, हे घेतानाच कागदावर लिहून घ्या. लग्नघाईत हे कोणी करत नाही. मुहूर्त जवळ आलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे सराफाला पक्कं ठाऊक असतं.

आता तुम्ही म्हणाल, भाजीवालीचं काय? हल्ली मोबाइलवर एक प्रवचन फिरत असतं, की मॉलमध्ये निमूट पैसे देता आणि गरीब भाजीवालीशी दोन रुपयांसाठी भांडता, शरम वाटू द्या. त्यातला पहिला अर्धा भाग मला पटतो. दुसरा सगळा पटत नाही. सकाळी ताजी मेथी घेऊन बसलेल्या मावशींना गिऱ्हाइकाने भाव न विचारता पैसे टेकवले, तर ते उपकार केल्यासारखं होतं. त्यांना धंदा करायचा आहे, दान नको आहे. त्या वीस सांगतात तेव्हा तुमचे पंधरा त्यांनी आधीच धरलेले असतात. त्या दोन शब्दांतून ओळख होते आणि ओळखीतून पुढे मूठभर कोथिंबीर पिशवीत पडते. मात्र संध्याकाळी सातनंतर त्याच मावशींच्या पुढे चार मलूल जुड्या उरलेल्या असतात, शेवटची एसटी गाठायची असते, घरी शीतपेटी नसते. त्या वेळी 'दहाला दोन देता का?' म्हणणारा माणूस, सकाळचा तोच माणूस असला तरी, वेगळं काम करत असतो. त्या वेळी मावशींना पायऱ्या नसतात.

एकट्याला उठता येत नसेल तर चौघांनी मिळून उठावं, ही युक्तीही आपल्याकडे झालेली आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. शेजारपाजारच्या घरांनी गट करायचा, महिन्याच्या किराणाची यादी एकत्र द्यायची, माल थेट घाऊक भावात यायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. ही घासाघीसच, फक्त आवाज एकीचा. आमच्या शेजारच्या बाईंनी तीन सोसायट्यांतल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची यादी एकत्र करायचं मनावर घेतलं आहे. निवृत्त शिक्षिकेच्या हातात वही आली, की दुकानदाराने सावध व्हावं!

आणि आता मोबाइलवरची खरेदी. तिथे मोठी किंमत खोडलेली असते, खाली निम्मी लिहिलेली असते, शेजारी घड्याळ उलटं पळत असतं. मला ते बघून अण्णांची आठवण येते. फरक एवढाच, की इथे अण्णांचं बोलणंही दुकानच करतं आणि आईचं बोलणंही दुकानच करतं. नव्वद तेच सांगतात, अडुसष्टवर तेच येतात आणि जिंकल्याचं समाधान तेवढं आपल्याला देतात. तिथेही एक पायरी आहे. वस्तू टोपलीत टाकून दोन दिवस विसरून जा. कधी कधी मागून हाक येते.

घासाघीस करणं धर्माला धरून आहे का, असं मला एका मित्राने विचारलं होतं. मी मौलवी नाही, पण लहानपणी ऐकलेली एक हकीकत सांगतो. ती बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. पैगंबर मुहंमद एका मोहिमेवरून मदिनेला परतत होते. सोबत जाबिर बिन अब्दुल्ला नावाचे तरुण अनुयायी. त्यांचा उंट थकून मागे पडत होता. पैगंबरांनी त्याला हाकलं, तसा तो चालू लागला. मग त्यांनी जाबिरना तो विकत मागितला. भाव सांगितला एक उकिया चांदी. जाबिर आधी नाही म्हणाले. पुन्हा मागणी झाली, तेव्हा त्यांनी विकला, पण अट घातली, की मदिनेपर्यंत बसून मीच जाणार. अट मान्य झाली. मदिनेत पोहोचल्यावर जाबिर उंट घेऊन हजर झाले, किंमत मोजून घेतली आणि परत फिरले. तेवढ्यात मागून बोलावणं आलं. उंटही त्यांना परत देण्यात आला, किमतीसकट.

धंद्याबद्दलच्या इतर शिकवणी व्यवहाराच्या आहेत. दुसऱ्याचा सौदा चालू असताना मध्ये आपला भाव घालू नये. घ्यायचं नसताना केवळ भाव फुगवायला बोली लावू नये. विकताना, घेताना आणि उधारी मागताना नरमाईने वागावं. यात भाव करू नये असं कुठे नाही.

धान्य मापताना आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. मराठी दुकानदार 'लाभ' म्हणतो, आमचे लोक 'बरकत' म्हणतात आणि पुढे दोघेही दोन, तीन करत जातात. तशीच भवानी. दिवसाच्या पहिल्या विक्रीला मराठी बाजारात भवानी म्हणतात. आमच्या मंगळवार बाजारातला दाढीवाला बागवानसुद्धा सकाळी सफरचंद पुसत गिऱ्हाइकाला म्हणतो, "साहेब, भवानी करा." भवानीच्या गिऱ्हाइकाने रिकाम्या हाताने जाऊ नये, असा बाजाराचा संकेत आहे. तेव्हा नुसता भाव विचारून यायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जाऊ नका. निदान एक लिंबू तरी घ्या.